लिओना कुबिचेकची मिनिटं

होलब गावात लिओना कुबिचेकला वेळ विचारायची सोय नव्हती. दहा वाजून तेरा मिनिटं झाली असतील, तर ती दहा वाजून तेरा असंच सांगायची. सव्वादहा, साडेदहा हे शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नाहीत. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजायचं, "लिओनाला विचार, किती झाली." आणि ती खरंच सांगायची, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

हा काटेकोरपणा तिच्यात बापाकडून आला होता. तिचे वडील गावच्या डेअरीत दुधाची फॅट तपासायचे. तीन पॉइंट सात लागली तर तीन पॉइंट सातच लिहायचे. शेतकरी गयावया करायचे, "स्टॅन्ली, चार लिही ना, तुझं काय जातंय." स्टॅन्ली म्हणायचे, "माझं काही जात नाही. पण उद्या तुझी गाय आजारी पडली तर मला कळायचं कसं?" लिओना तेव्हा सात-आठ वर्षांची, काचेच्या नळ्या धुवायला बसलेली असायची. गाईच्या दुखण्याचा आणि त्या आकड्याचा संबंध तिला तेव्हाच पक्का कळला होता. बाकीच्या गावाला तो आजतागायत कळलेला नाही.

गावाच्या पूर्वेला, धान्याच्या उंच कोठारापलीकडे वृद्धनिवास आहे. गाव त्याला नुसतं 'होम' म्हणतं. लिओना तिथे सतराव्या वर्षी भांडी घासायला लागली, मग म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला, मग शिकून नर्स झाली. नवरा गेला, पोरं लिंकन शहरात पांगली, ही होममध्येच राहिली. शेवटची चौदा वर्षं तिच्याकडे फॉर्मचं काम होतं. तिथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा ठरल्या दिवशी एक तपासणी-अहवाल भरून सरकारला पाठवावा लागतो. जेवतो कसा, चालतो का, रडतो का, ऐकू येतं का, दुसऱ्याचं बोलणं समजतं का, सगळ्याला रकाने. आणि गेल्या सात दिवसांत कुठली थेरपी किती मिनिटं झाली, त्यालाही रकाना. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या थेरपीची ओळ सगळ्यात वर.

त्या ओळीचा नियम साधा आहे. जितकी मिनिटं झाली तितकीच लिहायची, वर नाही, खाली नाही. आणि एका दिवसात पंधरा मिनिटं भरली नाहीत, तर मिनिटं धरतात पण तो दिवस धरत नाहीत. आता तुम्हीच सांगा, चौदा मिनिटांवर एखादा म्हातारा थकून मान टाकतो, तेव्हा पंधरा लिहायचा मोह कुणाला होणार नाही? आसपासच्या गावांतल्या होममधल्या थेरपीच्या मिनिटांच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर सगळे म्हातारे अगदी शिस्तीत पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटं बोलतात. होलबमध्ये मात्र सतरा, बावीस, एकेचाळीस असं चालायचं, कारण इथे लिओना बसली होती.

बोलण्याची थेरपी जोलीन कुद्र्ना करायची. सत्तावीस वर्षांची पोर, हातात कौशल्य, जिभेवर साखर. पहिल्या महिन्यात तिने सगळ्या चिठ्ठ्यांवर तीस-तीस लिहून आणलं. लिओनाने गठ्ठा तसाच परत दिला. "पोरी, ही माणसं आहेत, अंडी नाहीत डझनाने मोजायला." जोलीन रडली, चिडली, आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आली. तेव्हापासून दोघींचं छान जमलं. थेरपी विभागाचा साहेब ब्रेंट मात्र लिओनाला मागून 'घड्याळमावशी' म्हणायचा, आणि लिओनाला ते ठाऊक होतं.

त्या वर्षी मक्याची काढणी ऐन भरात असताना एमिल झ्रूस्ट होममध्ये आला. एमिल म्हणजे आमच्या परगण्यातला गुरांच्या लिलावाचा आवाज. पन्नास वर्षं त्याने लिलाव पुकारले. एका दमात तो इतकं बोलायचा की गुरं विकून व्हायची आणि नवख्या माणसाला आपण बोली लावली की नाही हेही कळायचं नाही. अशा माणसाला एकोणऐंशीव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि नेमकी वाचा गेली. डोक्यात सगळं शाबूत, शब्द तेवढे सापडेनात. पाण्याचा पेला समोर धरला तर ओठ हलायचे, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि बाहेर यायचं "ते... ते... ते."

त्याची बायको आल्बिना रोज दुपारी जेवणानंतर यायची. येताना फडक्यात गुंडाळून आलुबुखाराचं सारण भरलेल्या कोलाची, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, आणायची. एमिलला लगद्यासारखंच खायची परवानगी होती, म्हणून ती आतलं सारण चमच्याने त्याला भरवायची आणि कडा नर्सना वाटायची. तिचं म्हणणं एवढंच होतं, की त्याला दोन शब्द यावेत. 'पडलो' आणि 'ये' एवढं जरी घरातून ओरडता आलं तरी ती त्याला घरी न्यायला तयार होती. ओमाहातला मुलगा वेन वेगळ्या विचाराचा होता. तिथे कुलूपबंद वॉर्ड असलेली मोठी संस्था होती, डोकं गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी. वाईट माणूस नव्हता तो. आई सत्त्याहत्तरची, गुडघे गेलेले, तिने हा भार कसा पेलायचा, हीच त्याची काळजी होती.

पहिला आठवडा झकास गेला. रोज सकाळी दहाला जोलीन त्याला घेऊन बसायची. बेचाळीस मिनिटं, एकोणचाळीस, चव्वेचाळीस. आठवडाअखेर तो 'गाय' म्हणाला. जोलीनने ते लिओनाच्या खोलीत येऊन सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी माशी शिंकली. अकरा मिनिटं झाल्यावर एमिलने डोळे मिटले, चित्रांची कार्डं हाताने ढकलून दिली आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. मग हे वारंवार व्हायला लागलं. कधी नऊ मिनिटं, कधी बारा. कान ओढायचा, डोकं धरायचा. नर्सनी नोंद केली: चिडचिड वाढली. आणि त्याच आठवड्यात लिओनाने त्याचा दुसरा अहवाल भरून पाठवला. ऐकू येणं: कानातलं यंत्र लावून व्यवस्थित. समजणं: क्वचितच. एकाखाली एक असलेल्या या दोन ओळी वाचल्यावर कुणीही तोच अर्थ काढणार, की कान ठीक आहेत, म्हणजे डोकंच चाललं. वेनने तो कागद वाचला आणि ओमाहाला शनिवारपासूनची खाट सांगून ठेवली.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी ब्रेंट लिओनाच्या दारात येऊन उभा राहिला. गुरुवारी दुपारी दोनला एमिलच्या घरच्यांबरोबर बैठक होती, आणि ब्रेंटला थेरपी बंद करायची होती. त्याचंही फार चुकत नव्हतं. पाच दिवसांतले दोनच दिवस धरले जातायत, माणूस पुढे सरकत नाही, मग उगाच त्याचा छळ कशाला, असं तो म्हणाला. जाता जाता टोमणाही मारून गेला, की जोलीनने पंधरा-पंधरा लिहिलं असतं तर निदान कागद तरी बरा दिसला असता. लिओनाच्या मनाला ते लागलं. आपल्या काटेकोरपणाने एका म्हाताऱ्याचं घर बुडतंय की काय, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बुधवारी सकाळी ती तिसऱ्या अहवालाच्या तयारीला बसली. जोलीनच्या पिवळ्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. गेल्या आठवड्याचा सोमवार अकरा, मंगळवार एकेचाळीस, बुधवार नऊ, गुरुवार बारा, शुक्रवार अडतीस. त्यापुढे या आठवड्याचा सोमवार बारा, मंगळवार चाळीस. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. थकलेला माणूस असा थकत नाही. थकलेला माणूस घसरत जातो, किंवा कधीही कसाही दमतो. हा मंगळवार-शुक्रवार टवटवीत आणि बाकीचे दिवस गळलेला. बापाने सांगितलेली आजारी गाय तिला त्या आकड्यांत दिसायला लागली, फक्त दुखणं कुठलं ते कळेना.

आंघोळीचा रकानाही तिलाच भरायचा असल्याने तो तक्ता तिथेच पडला होता. एमिलच्या आंघोळीचे दिवस: मंगळवार आणि शुक्रवार.

ती उठून न्हाणीघराकडे गेली. आंघोळी घालणारी डार्ला टॉवेलांच्या घड्या करत होती. लिओनाने तिला विचारलं, एमिलला आंघोळ घालताना काय काय करतेस, अगदी पहिल्यापासून सांग. डार्लाला वाटलं काही तक्रार आली. तिने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. साडेनऊला नेते, कोमट पाणी, डोकं पुसते, स्वेटर घालते आणि तसंच जोलीनकडे सोडते.

"आणि कानातली यंत्रं?" लिओनाने विचारलं.

"ती कुठे घालणार, केस ओले असतात ना. औषधांच्या गाडीवरच राहतात. दुपारी जेवायच्या वेळी घालतात त्याला."

लिओना तिथल्या ओल्या स्टुलावर बसली. म्हणजे कानात यंत्र नसेल तेव्हा हा माणूस चाळीस मिनिटं शिकतो, आणि यंत्र घातलं की अकरा मिनिटांत हात टेकतो. चष्मा काढल्यावर नीट दिसावं, तसली ही तऱ्हा होती. डार्लाने विचारलं, "माझं काही चुकलं का?" लिओना म्हणाली, "तुझं नाही गं, बाई. तू देवासारखी भेटलीस."

दहा वाजता ती जोलीनच्या खोलीत कोपऱ्यात जाऊन बसली. बुधवार होता, एमिलच्या कानात यंत्रं होती. जोलीनने स्टॉपवॉच दाबलं. सुरुवातीला त्याने प्रयत्न केला. मग जोलीनने कार्डांचा डबा टेबलावर ठेवला आणि लिओनाने पाहिलं, की त्या एवढ्याशा आवाजाने त्याचे खांदे कानाला लागले. बाहेरून जेवणाची गाडी खडखडत गेली, त्याने दात आवळले. जोलीन मायेने पुढे वाकून आणखी मोठ्याने बोलली, कारण तिला वाटत होतं त्याला ऐकू येत नाही. त्याने डोळे मिटले, कानाशी हात नेला आणि कार्डं ढकलून दिली. नऊ मिनिटं झाली होती.

"थांब," लिओना म्हणाली. तिने पुढे होऊन त्याच्या दोन्ही कानांतली यंत्रं अलगद काढली. एमिलने इतका मोठा श्वास सोडला की जोलीन दचकली. घरात दहा दिवस चालू असलेली पिठाची चक्की कुणीतरी बंद करावी, तसा त्याचा चेहरा झाला.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आम्ही मान डोलावतो. ऐकू आलं नाही, समजलं नाही, तरी डोलावतो. समोरच्याला दुसऱ्यांदा बोलायला लावणं म्हणजे त्याला त्रास देणं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. अर्ध्या परगण्याची लग्नं आणि सगळे जमिनीचे सौदे असेच झालेत. लिओनाला तिथे उभ्या उभ्या आठवलं, की दुसऱ्या अहवालाच्या वेळी ती एमिलच्या दारात डोकावली होती. कानात यंत्र दिसलं होतं. "काय एमिल, बरं आहे ना?" असं तिने विचारलं होतं, आणि एमिलने मान डोलावली होती. मग तिने 'ऐकू येणं: व्यवस्थित' यावर खूण केली होती. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. पहिल्या अहवालाच्या वेळी मात्र ती पाच मिनिटं त्याच्याशी बोलत बसली होती.

यावेळी तिने जरा डोकं चालवलं. त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि नेहमीच्या आवाजात, न ओरडता विचारलं, "एमिल, तुमच्या बायकोचं नाव मार्था ना?"

एमिलने तिच्याकडे पाहिलं. मग ठामपणे मान आडवी हलवली. ओठ जुळवले, कपाळाला आठ्या पडल्या, आणि म्हणाला, "आल्... बी."

जोलीनने तोंडावर हात ठेवला. लिओनाने फक्त विचारलं, "घड्याळ चालू आहे ना?" चालू नव्हतं. तिने ते चालू करायला लावलं आणि यंत्रं मुठीत घेऊन बाहेर पडली.

प्रत्येक माणूस होममध्ये येतो तेव्हा त्याच्या सामानाची यादी होते, आणि ऐकण्याच्या यंत्राच्या पाठीवरचा बारीक नंबरही त्यात लिहितात. लिओनाने भिंग लावून नंबर वाचला. एमिलच्या यादीतला नंबर वेगळा होता. मग तिने त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याची, लाड कोझिसेकची यादी काढली. तिथे हाच नंबर होता, आकडा न् आकडा.

झालं होतं ते असं. दोघांची यंत्रं एकाच फिरत्या विक्रेत्याकडची, एकाच रंगाची, एकसारख्या रबरी टोप्यांची. रात्री ती औषधांच्या गाडीवर दोन प्लॅस्टिकच्या कपांत राहायची, कपांवर चिकटपट्टीने नाव. दहा दिवसांपूर्वीच्या रविवारी एक कप तडकला, कुणीतरी भल्या मनाने दोन्ही बदलले, आणि चिकटपट्ट्या उलट्या लागल्या. लाड जवळजवळ ठार बहिरा, त्याचं यंत्र गाढ झोपलेल्याला उठवेल इतकं जोरकस. ते एमिलच्या कानात गेलं. एमिलला थोडंसंच कमी ऐकू यायचं. बिचाऱ्याच्या डोक्यात दहा दिवस लिलावाचे सगळे भोंगे एकदम वाजत होते, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

लाड आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दहा दिवस तो पत्ते खेळायलाही गेला नव्हता. पिच नावाच्या पत्त्यांच्या खेळात तो होममधला बादशहा, पण सगळ्यांनी धरून चाललं होतं की म्हातारा आता आवरतं घेतोय. लिओनाने एमिलची यंत्रं काढून त्याची स्वतःची त्याच्या कानांत घातली आणि हळू विचारलं, "लाड, ऐकू येतंय का?"

लाड वळला. "येतंय तर. आणि मला एक सांग पोरी, दहा दिवस तुम्ही सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती का?"

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मरायची वेळ जवळ आली की असंच शांत शांत होतं," लाड म्हणाला आणि चपला शोधायला लागला, कारण अकराला पत्त्यांचा डाव होता.

लिओना बाहेर व्हरांड्यात गेली आणि थोडी हसली, थोडी रडली.

दुपारी ब्रेंट स्वतःहून आला. बातमी सगळ्या होमभर झाली होती. तो खरंच खूश होता, हे मान्य करायला हवं. थेरपी चालू ठेवायला त्याची हरकत नव्हती. फक्त त्याचं म्हणणं होतं, की दुसऱ्या अहवालातल्या त्या खुणेचा विषय काढायची गरज नाही. नवीन अहवालात सगळं नीट येईल, जुना कोण उघडून बघतंय. त्यात तिचाच कमीपणा होईल, असं तो समजुतीने म्हणाला. आणि चौदा वर्षांत लिओनाच्या खुणेत कुणी चूक काढली नव्हती, हे तर गावाला ठाऊक होतं.

ती रात्रभर नाही, पण घरी जाऊन सूप गरम होईपर्यंत तरी विचार करत होती. मोह झाला. का होऊ नये? दोन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं. पण वेनच्या हातात तो कागद होता. कागद खोटा आहे हे कुणी म्हटल्याशिवाय तो एका बुधवारच्या चमत्कारावर विश्वास ठेवणार नव्हता. बापाला पुढ्यात घेऊन तो हेच म्हणाला असता, की आज बरे आहेत, उद्याचं काय? आणि शनिवारी गाडी ओमाहाला गेली असती. आपण दुसऱ्यांच्या चौदाचे पंधरा होऊ दिले नाहीत, आणि स्वतःच्या दहा सेकंदांची पाच मिनिटं करून ठेवली, हे तिला सूप पिताना गिळवेना.

गुरुवारी दोन वाजून दोन मिनिटांनी बैठक सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला आल्बिना, मांडीवर फडक्यातली कोलाची. तिच्या शेजारी वेन, समोर तो कागद. ब्रेंटने यंत्रांची अदलाबदल झाल्याचं सांगितलं, क्षमा मागितली. वेनने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट कागदावर ठेवलं. यात तर ऐकू येणं व्यवस्थित लिहिलंय, तो म्हणाला, कुणीतरी तपासूनच लिहिलं असेल ना.

"ती खूण माझी आहे," लिओना म्हणाली. "आणि ती चुकीची आहे. मी तपासलं नाही. यंत्र कानात दिसलं आणि मी खूण केली. तुमच्या वडिलांचं डोकं गेलंय असं त्या कागदावरून वाटतं, ते माझ्यामुळे वाटतं."

मग तिने जोलीनच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, काल आपल्या टेबलावर मांडल्या होत्या तशाच, आणि वेनला आंघोळीचे दिवस दाखवले. वेन बँकेत काम करणारा माणूस, त्याला आकडे सांगावे लागले नाहीत. त्याने एकेचाळीसवर बोट ठेवलं, मग अकरावर, मग अडतीसवर. "हे जर कुणी पंधरा-पंधरा करून ठेवलं असतं," असं म्हणून तो थांबला. ब्रेंट खिडकीबाहेर बघायला लागला.

तेवढ्यात जोलीन एमिलला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. त्याच्या कानात त्याची स्वतःची यंत्रं होती. वेन उठला, बापाच्या पुढ्यात वाकला आणि सवयीप्रमाणे गुरांना हाकारावं तसा ओरडला, "बाबा, तुम्हाला ओमाहाला यायचंय का?"

एमिलने चेहरा मागे घेतला. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला. सगळ्यांनी जिवाचा कान केला होता.

"हळू," एमिल म्हणाला. "हळू... बोल."

आल्बिना आधी हसली, मग तिने फडक्यातच तोंड लपवलं. वेन गुडघ्यांवर बसला आणि यावेळी अगदी हळू विचारलं. एमिलने मान डोलावली नाही. त्याने मान आडवी हलवली आणि बायकोकडे बोट केलं. "घर," तो म्हणाला. शब्द अख्खा आला, न अडखळता. लिओनाच्या छातीवरचा तीन दिवसांचा धोंडा उतरला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या खोलीत पुरतं कळलं.

ओमाहाची खाट वेनने तिथूनच फोन करून सोडली. थेरपी पुढे पाच आठवडे चालू ठेवायचं ठरलं.

त्याच दुपारी लिओनाने दुसऱ्या अहवालाचा दुरुस्तीचा कागद भरला. चुकीचं कारण काय, असा त्यात रकाना असतो. तिथे तिने लिहिलं: तपासणाऱ्याने तपासलं नाही. खाली सही केली. सही करताना तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट तिला भूक लागली, आणि तिने आल्बिनाने ठेवलेल्या दोन कोलाची उभ्या उभ्या खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यांच्या चिठ्ठ्या जोलीन हसत हसत आणून द्यायची. सेहेचाळीस, त्रेचाळीस, एकावन्न. 'पडलो' आला, 'ये' आला, आणि पाचव्या आठवड्यात एमिल वीसपर्यंत आकडे म्हणायला लागला. हळूहळू म्हणायचा. पण लाड शपथेवर सांगायचा, की त्यात लिलावाची ढब होती, आणि आपण चौदावर बोली लावली होती.

घरी जायच्या दिवशी सगळे दारात आले. वारा सुटला होता, आल्बिनाच्या गाडीचं इंजिन घरघरत होतं, वेन खुर्ची मागे कोंबत होता. एमिल पुढच्या सीटवर बसला होता. त्याने खिडकीतून लिओनाला बोटाने जवळ बोलावलं. ती वाकली. त्याने सावकाश, एकेक शब्द जुळवत काहीतरी विचारलं. लिओनाचं सगळं लक्ष डोळे पुसण्यात होतं. तिला एक अक्षर कळलं नाही. तिने प्रेमाने मान डोलावली.

एमिल असा हसला की खोकला आला. मागे उभ्या असलेल्या जोलीनने सगळं ऐकलं होतं. तीही पोट धरून हसत होती.

"काय म्हणाले गं?" लिओनाने विचारलं.

"म्हणाले, 'लिओना, तुझं नाव मार्था ना?'"

गाडी कोठाराच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत लिओना तिथे उभी राहून हसत होती. मग ती आत गेली, होममधल्या चोपन्न जणांची यादी काढली, आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. खुर्ची ओढायची, समोर बसायचं, आणि साध्या आवाजात प्रत्येकाला त्याच्या बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव चुकीचं विचारायचं. त्या आठवड्यात तिघांच्या कानांतला मळ निघाला, एका आजीच्या यंत्राची बॅटरी चार महिने संपलेली सापडली. आणि पाच नंबरच्या खोलीतल्या म्हातारबुवांनी मार्था या नावाला आनंदाने होकार दिला. त्यांच्या बायकोचं नाव खरंच मार्था होतं. लिओनाने त्यांना दुसऱ्यांदा विचारलं, या खेपेला आयरीन म्हणून.